प्रा. गज्जर, कलाभवन आणि मातृभाषेतलं तंत्रशिक्षण : पार्श्वभूमी

मराठीतून इंजिनिअरिंग हा विषय २०२१ पासून पुन्हा चर्चेत आहे. नवं शैक्षणिक धोरण आल्यावर तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामकाने (एआयसीटीई) त्या वर्षी आठ राज्यांतल्या १४ महाविद्यालयांना प्रादेशिक भाषांतून पदवी अभ्यासक्रम चालवायची परवानगी दिली. त्यात मराठीही होती. तेव्हापासून एक आक्षेप सतत कानावर येतो : तांत्रिक विषय देशी भाषेत कधी कुणी शिकवलेत का? शिकवलेत. बडोद्यात, १८९० मध्ये निघालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत. त्यामागे प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर होते.

गज्जर मूळचे सुरतचे, जन्म १८६३. घरात सुतारकामाची परंपरा, त्यामुळे हत्याराची ओळख पुस्तकाच्या आधीची. मुंबईत विज्ञानाची पदवी घेऊन ते बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. त्याआधी तंत्रशिक्षण आपल्याकडे नव्हतं असं नाही. पुण्यात १८५४ पासून बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार होत होते, मुंबईत १८८७ मध्ये गिरण्यांना माणसं पुरवणारी संस्था निघाली होती. गज्जरांच्या डोळ्यांसमोर मात्र रंगारी, विणकर, सुतार यांची मुलं होती. जर्मनीतले कृत्रिम रंग बाजारात येऊन इथल्या रंगाऱ्यांचा धंदा बसत चालला होता. त्या रंगांमागचं रसायनशास्त्र त्यांच्या मुलांना कळायचं, तर आधी त्यांनी पाच-सात वर्षं इंग्रजी घोटायची का, हा गज्जरांचा प्रश्न होता.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या पाठबळाने कलाभवन उभं राहिलं आणि शिकवायचं ते मातृभाषेत, असं ठरलं. हा निर्णय तेव्हाही वादाचा होता. पुस्तकं नाहीत, परिभाषा नाही, मग शिकवणार कशातून, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. गज्जरांनी तो टाळला नाही. संस्थानाच्या पैशातून तांत्रिक ग्रंथांची माला आखली, अनेक भारतीय भाषांतले पर्याय एकत्र देणाऱ्या वैज्ञानिक कोशाचं काम हाती घेतलं. वर्ग आणि पुस्तकं एकाच वेळी उभी करायची, हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. अशी कामं व्हायला माणसांच्या दोन पिढ्या लागतात. गज्जर मात्र काही वर्षांतच बडोदा सोडून मुंबईला आले.

मुंबईतली त्यांची कीर्ती निराळी. १८९६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं. संगमरवर सच्छिद्र, त्यात डांबर मुरलेलं, खरवडावं तर दगड खराब होणार. इतरांनी हात टेकल्यावर गज्जरांनी रासायनिक प्रक्रियेने तो डाग काढला. पिवळे पडलेले मोती उजळून देण्याची त्यांची पद्धतही जव्हेऱ्यांमध्ये नावाजली गेली. लोकांच्या लक्षात पुतळा आणि मोती राहिले, कोश विसरला गेला, याची खंत वाटते.

कलाभवनातून बाहेर पडलेली माणसं पाहिली की भाषेमुळे शिक्षण कच्चं राहतं, हा समज टिकत नाही. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे त्र्यंबकचे दादासाहेब फाळके तरुणपणी तिथे छायाचित्रणाचं तंत्र शिकले. १९०७ मध्ये गज्जरांच्या शिष्यांनी काढलेला रसायनांचा कारखाना, अलेम्बिक, पुढे देशातला नामवंत औषध उद्योग झाला. गज्जर १९२० मध्ये गेले.

१९४९ मध्ये कलाभवन बडोद्याच्या नव्या विद्यापीठात सामील झालं आणि अभियांत्रिकी विद्याशाखा बनलं. पदवी आली, तिच्याबरोबर इंग्रजी माध्यमही. मातृभाषेचा प्रयोग फसला म्हणून हे झालं, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. पदवी, सरकारी नोकरी आणि पुढचं शिक्षण या तिन्ही वाटा इंग्रजीतूनच जात असतील, तर मातृभाषेतला वर्ग कितीही चांगला चालवला तरी विद्यार्थी तिथे का थांबेल? २०२१ नंतर प्रादेशिक भाषांत पाठ्यपुस्तकं येऊ लागली आहेत, पण ती वाट बदललेली नाही. मराठीतून बी.टेक. झालेल्या मुलाला पुढे एम.टेक.साठी गेट परीक्षा द्यायची असेल, तर प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते.