तिवराचं बी बँकेत ठेवता येत नाही

‘बी बियाणे बँकेत ठेवलं की ती जात वाचली’ असं नागपुरातली शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात. किनाऱ्यावरच्या अनेक रानवनस्पतींना हे अजिबात लागू पडत नाही. राज्याचा समुद्रकिनारा इथून सातशे किलोमीटरवर असेल, पण राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय आणि जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे. त्यामुळे हा गैरसमज इथे तरी राहू नये.

तूर, हरभरा पिकताना बी सुकतं. पाणी कमी होऊ लागलं की गर्भाच्या पेशींत शर्करा आणि संरक्षक प्रथिनं साठतात, पेशीरस काचेसारखा घट्ट होतो, पेशीपटलं शाबूत राहतात. अशा बियांची ओल ५ टक्क्यांच्या आसपास आणून त्या उणे १८ अंशांत ठेवल्या, तर दशकानुदशकं जगतात.

तिवर, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारी एक खारफुटी, ही सुकण्याची पायरीच गाळतं. त्याचं राखाडी-हिरवं, चपटं फळ नखाने सोलून बघा. आत घडी घातलेली दोन जाड, हिरवी बीजपत्रं आणि टोकाला लव असलेलं मूळ तयारच असतं. गर्भ झाडावरच वाढू लागलेला असतो. बीला सुप्तावस्थेत नेणारं अ‍ॅब्सिसिक आम्ल अशा खारफुटींच्या गर्भात कमी आढळतं. तिवराचं बी वाळवलं तर पेशीपटलं कोलमडतात, ओलंच गोठवलं तर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि ओलं ठेवून दिलं तर ते रुजतच राहतं.

त्याच किनाऱ्यावर वाळूत पसरणाऱ्या मर्यादवेलीचं बी नेमकं उलट. कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. ते समुद्रात तरंगत दूर जातं आणि कवच झिजल्यावर रुजतं. म्हणून प्रत्येक जातीचं बी वेगळं तपासावं लागतं, आणि कित्येक रानवनस्पतींच्या बाबतीत ही चाचणी झालेलीच नाही.

तिवराचं बी साठवता येत नाही, म्हणजे झाडं किनाऱ्यावरच जगायला हवीत. म्हणून एका दिवसात लाखो कांदळरोपं, म्हणजे खारफुटीची रोपं, लावल्याच्या बातम्यांना मी भुलत नाही. तीन वर्षांनी किती जगली, हा आकडा छापा.

माहितीतली दुसरी उणीव वाळूतच दिसते. रावणाच्या मिशा या गवताची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. ते धावत्या खोडांनी पसरतं, त्यामुळे मोठा दिसणारा पट्टा एकाच झाडाचा असू शकतो. नुसत्या नराच्या पट्ट्याला कुंपण घातलं तर तिथे बी कधीच धरणार नाही. नर कुठे, मादी कुठे, हे फुलोऱ्याच्या दिवसांत किनाऱ्यावर जाऊनच नोंदवावं लागतं.