‘हांव’, ‘मी’ आणि बालवर्ग

शाळाप्रवेशाचे दिवस आले की गोव्यात माध्यमाचा वाद पुन्हा उकरला जातो. तसा तो जुनाच. 1684 साली पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढलं : कोंकणी सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज शिका. पण आया पाळण्यातल्या पोरांशी कोंकणीतच बोलत राहिल्या. हिंदू घरांतली पोरं मराठी अक्षरं गिरवत ती कुणाच्या तरी ओसरीवर. पणजीत 1908 साली शाळेसाठी मुष्टिफंड ही संस्था उभी राहिली; तिच्या नावातच घरटी मूठभर धान्याची वर्गणी आहे.

मुक्तीनंतर, 1963 साली, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. माझ्या आईची पिढी त्यांतच शिकली. घरी कोंकणी ‘हांव’, शाळेत मराठी ‘मी’. ज्यांच्या घरात कुणी कधी पाटी धरली नव्हती अशी पोरं त्या शाळांनी वाचती केली, हे आधी सांगायला हवं. पण काही शिक्षक महाराष्ट्रातून आलेले. पोरांचं बोलणं त्यांना अशुद्ध वाटे. धाकट्या बहिणीबद्दल पोर म्हणे, ‘माझं बहीण आलं.’ वर्गात हशा, वर छडी. वास्तविक कोंकणीत लहान मुलीला नपुंसकलिंगच लावतात : ‘तें आयलें’. पोराने घरचं व्याकरण चोख पाळलं होतं, फक्त शब्द मराठी घातले होते.

ही चूक नसून नियम आहे, हे ओळखायला भाषाशास्त्रालाही वेळच लागला. मूल नकलेने आणि शाबासकीने बोलायला शिकतं, असं मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी 1957 साली मांडलं. दोन वर्षांनी भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींनी ते खोडून काढलं. मराठीतला पुरावा तर प्रत्येक घरात सापडेल. तीन वर्षांचं पोर म्हणतं, ‘मी करलं’. कोणता मोठा माणूस असं बोलतो? ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकून पोराने नियम स्वतःच बांधला. ‘केलं’ म्हण, असं दहादा सांगूनही ते ‘करलं’च म्हणतं आणि एक दिवस आपसूक ‘केलं’वर येतं.

कानाची तयारी तर त्याच्याही आधीची. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना तो कळेनासा झाला. म्हणजे बालवर्गात येणारं पोर कोरी पाटी घेऊन येत नाही.

गोव्यातला वाद मात्र राजभाषा आणि अनुदान यांभोवतीच फिरला. 1987 च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद राहिली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्राथमिकचं अनुदान देशी भाषांपुरतं ठेवलं गेलं, 2011 साली ते इंग्रजी शाळांनाही खुलं झालं आणि माणसं रस्त्यावर उतरली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत मातृभाषेवर भर दिला. या सगळ्या गदारोळात बाईंनी वर्गात नेमकं काय बोलायचं, हे कुणी सहसा विचारलं नाही.

पेडण्याकडच्या एका बालवाडीत मी तासभर बसले होते. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, माका उदक जाय.’ बाई लगेच उठल्या : ‘तुला पाणी हवंय? चल, पाणी पिऊया. थंड पाणी हवं की साधं?’ मुलगी : ‘थंड पाणी.’ एवढंच. ‘पाणी म्हण’ नाही, ‘असं नाही बोलायचं’ नाही. तिचं म्हणणं बाईंना कळलं, आणि मराठी वाक्य तिच्या कानावर अर्थासकट पडलं. गोष्ट सांगतानाही बाई मध्येच थांबून विचारत, ‘मग मांजर कुठे गेलं असेल?’ आणि खरंच वाट पाहत. उत्तर कोंकणीत आलं तरी गोष्ट पुढे जाई.

माझ्या लहानपणी ही वाट पाहणं मी कुठल्याच वर्गात पाहिलं नव्हतं. हात पुढे करायला सांगत.

आता त्या वर्गात बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली दोन कन्नड पोरंही आहेत. कोपऱ्यातल्या माठावर बाईंनी खडूने तीन शब्द लिहिलेत : पाणी, उदक, नीरु. तिसरा त्यांना त्या पोरांनीच शिकवला.