रुतणं आणि घसरणं: स्नोशू की क्रॅम्पॉन?

बुटाखाली पट्ट्यांनी बांधायचं काहीतरी आणि त्याला धातूचे दात. लांबून पाहिलं तर स्नोशू आणि क्रॅम्पॉन एकाच जातीचे वाटतात. स्नोशूलाही दात असतातच, मग क्रॅम्पॉनचं ओझं वेगळं कशाला, असं नवख्याला वाटणं साहजिक आहे. पण स्नोशू, म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद चौकट, हा बर्फात रुतण्यावरचा उपाय आहे आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखालचा अणकुचीदार दातांचा सांगाडा, घसरण्यावरचा. हिवाळ्यात डोंगरधारेवर ही दोन्ही संकटं एकाच दिवसात गाठतात, कधी कधी तर शंभर पावलांच्या आत.

स्नोशू शरीराचं वजन मोठ्या जागेवर पसरवतो, त्यामुळे भुसभुशीत बर्फावरचा दाब कमी होतो. ताज्या बर्फात पाय तरीही थोडा बुडतो, पण मांडीपर्यंत जात नाही. टाच मोकळी असते. चढावर तिच्याखालची दांडी उभी केली की पोटऱ्यांना केवढा आराम मिळतो! खरी अडचण टणक उतारावर आडवं जाताना येते. रुंद फ्रेम उताराबरोबर कलते, घोटा पिळवटतो आणि जेमतेम एका कडेचे दात बर्फाला टेकतात.

क्रॅम्पॉनचं उलट आहे. सगळं वजन मोजक्या टोकांवर येतं, म्हणून ती टणक बर्फात घुसतात. इंग्रज गिर्यारोहक ऑस्कर एकेनस्टाइन यांनी 1908 मध्ये दहा दातांच्या क्रॅम्पॉनची रचना केली. 1929 मध्ये लॉरां ग्रिव्हेल यांनी पुढे आलेले दोन दात जोडले आणि उभ्या बर्फावर समोर तोंड करून चढणं सोपं झालं. मऊ बर्फात मात्र क्रॅम्पॉन रुतणं थांबवत नाही. त्यात बर्फ ओला असेल तर तळाशी त्याचे गोळे चिकटतात, दात झाकले जातात आणि पाय सटकतो.

आता हवामान. खाली झाडीत बर्फ मऊ असतो, तिथे स्नोशूच हवेत. धारेवर वारा तोच बर्फ उडवून नेतो; वाऱ्याच्या बाजूला टणक पापुद्रा किंवा नुसता आइस, म्हणजे दगडासारखा घट्ट गोठलेला बर्फ, उरतो. दुपारच्या उन्हात वरचा थर ओलसर होतो आणि ढग आले, पारा उतरला की तोच थर काचेसारखा गोठतो. म्हणजे ज्या वाटेने स्नोशूवर सहज चढलो, तीच उतरताना क्रॅम्पॉन मागते. माझं ठाम मत आहे की बदल गरज भासण्याआधी करावा: धार सुरू होण्यापूर्वीच्या शेवटच्या सपाट जागी. उतारावर, वाऱ्यात, बधिर बोटांनी पट्टे आवळणं फार धोक्याचं आहे. क्रॅम्पॉन चढवले की हातात काठीऐवजी आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फात रोवायची कुऱ्हाड, घ्यावी, आणि घसरण थांबवण्याचा सराव आधीच सुरक्षित उतारावर केलेला असावा.

एक गैरसमज मला फार काळजीत टाकतो: स्नोशू वजन पसरवतात, म्हणून हिमस्खलन होणार नाही. तसं मुळीच नाही. वाऱ्याने उडवलेला बर्फ धारेच्या आडोशाच्या बाजूला साचून त्याची लादी बनते आणि 30 ते 45 अंशांच्या उतारावर ती माणसाच्या वजनाने सुटू शकते, पायात काहीही असो. त्याच बाजूला बर्फाचा छज्जा, म्हणजे कॉर्निस, पोकळीवर लोंबत असतो. धुक्यात त्याची कड दिसत नाही, म्हणून वाऱ्याच्या बाजूने, कडेपासून बरंच आत चालावं.

काढलेले स्नोशू सॅकला घट्ट बांधा. सैल राहिले तर धारेवरचा वारा त्यांना शिडासारखा धरतो आणि आपल्यालाच ढकलतो.