मिर-१९२ किडनी बिघडवतो की वाचवतो?

डायबेटिसमध्ये किडनी जाते हे काही नवीन नाही, १९३६ मध्येच किमेलस्टील आणि विल्सन या दोघांनी शुगरच्या पेशंटांच्या ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक केशवाहिन्यांच्या गुंडाळीत, गाठी दिसतात असं लिहून ठेवलं होतं. पण त्या गाठींतलं कोलॅजन, म्हणजे पेशींना धरून ठेवणारं चिवट प्रोटीन, तिथे साचतं कोणाच्या हुकमाने, हे कळायला फार वर्षं गेली.

आणि यातला एक धागा आला चक्क एका मिलिमीटरभर लांबीच्या अळीतून! १९९३ मध्ये अँब्रोस आणि रुव्हकुन यांच्या लॅबना त्या अळीत एक एवढासा आरएनए सापडला जो स्वतः प्रोटीन बनवत नाही, दुसऱ्या जीनचं प्रोटीन बनणं थांबवतो. अशांना मायक्रोआरएनए म्हणतात, आणि मिर-१९२ हा त्यातलाच एक. तोवर प्रोटीन न बनवणाऱ्या डीएनएला सर्रास जंक म्हणायचे, आणि आपल्या डीएनएत प्रोटीनचा कोड जेमतेम दीड-दोन टक्केच आहे. पुढची सात वर्षं हे फक्त अळीपुरतंच असेल असं बहुतेकांना वाटलं, मग २००० मध्ये असाच एक आरएनए माणसातही निघाला. त्या दोघांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये.

किडनीत खरी सुरुवात २००७ ची. कॅलिफोर्नियात रमा नटराजन यांच्या टीमने डायबेटिक उंदरांच्या ग्लोमेरुलसमध्ये मिर-१९२ वाढलेला दाखवला, टीजीएफ-बीटा हे पेशींना निरोप देणारं प्रोटीन त्याला वाढवतं आणि तो कोलॅजनवरचा ब्रेक काढतो असं. झालं, व्हिलन सापडला! पण २०१० मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफच्या संशोधकांनी माणसांच्या बायोप्सी बघितल्या तर उलटंच, मिर-१९२ जितका कमी तितकं फायब्रोसिस, म्हणजे किडनीत व्रणासारखे चिवट धागे साचणं, जास्त. मला वाटतं या सगळ्या इतिहासातली हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, कारण कोणाचंच चुकलं नव्हतं असं म्हणायला जागा आहे, एकीकडे उंदीर आणि मेसँजियल पेशी (ग्लोमेरुलसमधल्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या), दुसरीकडे माणूस आणि ट्युब्यूलच्या, म्हणजे गाळलेलं पाणी पुढे नेणाऱ्या नळ्यांच्या पेशी, किडनी म्हणजे काही एकाच जातीच्या पेशींचा गोळा नाही ना. त्यामुळे एकच पेपर वाचून कुठल्याही आरएनएला चांगला-वाईट ठरवू नका प्लीज.

पुढे २०१२ मध्ये उंदरांत मिर-१९२ अडवल्यावर फायब्रोसिस आणि लघवीतलं प्रोटीन कमी झालं, २०१६ मध्ये तर जवळजवळ ४० मायक्रोआरएनए पोटात घेऊन बसलेला एक लांब आरएनए सापडला, तो अडवला तरी उंदरांच्या किडनीला फायदा झाला. सगळं उंदरांत हं. माणसात मिर-२१ अडवणारं एक औषध अल्पोर्ट या आनुवंशिक किडनीच्या आजारासाठी ट्रायलमध्ये होतं, ती ट्रायल २०२२ मध्ये फायदा दिसेना म्हणून थांबवली. शुगरवाल्यांची किडनी तपासायला आजही लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिनच बघतात.