तळ्यातून मळ्यात: सारसबागेची पूर्वपीठिका

पुण्यात सारसबागेच्या गणपतीला जुनी माणसं अजून ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. नवखा माणूस तळं शोधत देवळाला एक चक्कर मारतो. त्याला दिसतं ते कमळांचं एक बेताचं पाणी, कडेला रेलून उभी असलेली पोरं आणि त्यांनी ‘खायला घालू नका’च्या पाटीसमोरच माशांना टाकलेले चुरमुरे. एवढ्याशा पाण्यावरून देवाचं नाव कसं पडलं, असं त्याला वाटणारच.

नाव पडलं ते या पाण्यावरून नाहीच. गोष्ट सुरू होते पर्वतीपासून. नानासाहेब पेशव्यांनी 1749च्या सुमारास टेकडीवर देवदेवेश्वराचं देऊळ उभं केलं आणि त्याच सुमारास पायथ्याशी तळं खोदायला घेतलं. पाणी आंबिल ओढ्याचं. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा तेव्हा वस्तीच्या अंगाने वाहत असे आणि पावसाळ्यात त्रास द्यायचा. नानासाहेबांनी त्याचा प्रवाह वळवला. पर्वतीचं तळं आणि कात्रजचे तलाव ही एकाच काळातली, पाण्याचा विचार करून केलेली कामं. कात्रजचं पाणी दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत यायचं आणि पेठांतल्या हौदांत पडायचं. पेशव्यांच्या लढायांबद्दल आपण भरभरून बोलतो, पण माझ्या मते त्यांची ही नळाची कामं जास्त कौतुकाची आहेत.

तळं खोदताना मधोमध जमिनीचा एक उंचवटा तसाच राखला. त्या बेटावर बाग केली, तीच सारसबाग. म्हणजे मूळची सारसबाग तळ्याच्या काठावर नव्हती, तळ्याच्या पोटात होती. पेशवे नावेत बसून मसलती करायचे आणि मराठी न कळणारे हबशी नावाडी मुद्दाम नेमायचे, म्हणजे बोलणं बाहेर फुटू नये, अशी एक गोष्ट पुण्यात सांगतात. खरीखोटी कोण जाणे, पण भिंतीला कान असलेल्या वाड्यापेक्षा नाव बरी, हे पटण्यासारखं आहे.

बेटावर सिद्धिविनायक आला तो 1784मध्ये. स्थापना सवाई माधवरावांच्या नावावर आहे, पण त्यांचा जन्म 1774चा, म्हणजे पेशवे तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे. कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. दर्शनाला नावेतून जावं लागे. आज आपण हिरवळीवरून चालत जातो आणि पायऱ्या चढून देवळाशी पोचतो. तो चढ म्हणजेच जुन्या बेटाची उंची. पायऱ्यांवर उभं राहून खाली पसरलेल्या लोकांकडे पाहिलं की तळ्याचा तळ कुठवर होता याचा अंदाज येतो.

पेशवाई गेल्यावर तळ्याची निगाही गेली. विसाव्या शतकात पाणी हटवून तिथे सार्वजनिक बाग झाली. तळ्याच्याच जागेवर पेशवे पार्क झालं. 1953मध्ये तिथे प्राणिसंग्रहालय आलं, मग 1956मध्ये ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी. प्राणी पुढे कात्रजला गेले. ज्या दिशेने ओढा येतो, त्याच दिशेला. फुलराणी मात्र राहिली, आणि तिच्यात बसलेल्या पोरांच्या आता नाती-पणती झाल्या.

पाणी गेलं तरी शब्द काही हटले नाहीत. सारस हा पाणथळीचा पक्षी. तो बागेच्या नावात बसून आहे. बागेबाहेर भेळ-पावभाजीच्या गाड्या लागतात त्या जागेला ‘चौपाटी’ म्हणतात, समुद्र जवळपास कुठे नसला तरी. पाडव्याच्या पहाटे हजारो पणत्या लागतात, त्याही जुन्या तळ्याच्या तळावर. थंडीत गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात तेव्हा मात्र लोक तळंबिळं विसरून फोटोसाठी रांग लावतात.

ओढ्याला विसर पडलेला नाही. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढा असा फुगला की अरण्येश्वर, सहकारनगर भागात भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं दगावली. ज्या ओढ्याचं पाणी अडवून पेशव्यांनी नावा चालवल्या, त्याच्या काठाला तोवर घरं येऊन टेकली होती.