गाडीची शेपटी आणि वारा

1959 सालची कॅडिलॅक मागून बघावी. लांबी जवळजवळ पावणेसहा मीटर, आणि त्या सगळ्या लांबीचा शेवट दोन उभ्या, टोकदार पंखांत. प्रत्येक पंखाच्या पोटात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन लाल दिवे, जणू जेटच्या मागून निघणाऱ्या ज्वाळा. मला ही गाडी मनापासून सुंदर वाटते. पण हवेला त्या पंखांचं काहीच कौतुक नव्हतं. जुन्या अमेरिकी गाड्या आणि आजच्या गाड्या इतक्या वेगळ्या का दिसतात, हे समजून घ्यायला गाडीच्या शेपटीइतकी चांगली जागा नाही.

हे पंख आले विमानावरून. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ले अर्ल यांनी आपल्या सहकाऱ्यांना लॉकहीडचं पी-38 लायटनिंग हे लढाऊ विमान दाखवायला नेलं होतं. त्या विमानाच्या जोडशेपटीची आठवण 1948च्या कॅडिलॅकवर दोन छोट्या उंचवट्यांच्या रूपात उतरली. मग कंपन्यांमध्ये चढाओढ लागली. 1957 साली क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनर यांच्या गाड्या मोठाले पंख घेऊन आल्या, आणि यांमुळे आडव्या वाऱ्यात गाडी स्थिर राहते असा कंपनीने दावा केला. तत्त्व खोटं नाही, बाणालाही मागे पिसं लावतातच. पण शहरातल्या वेगाला त्याचा उपयोग जवळपास शून्य. अर्ल यांच्या स्टुडिओत गाडी आधी मातीत घडायची, आणि तिचा आकार बरोबर की चूक हे माणसाची नजर ठरवायची.

हवेचा हिशेब निराळा असतो. आपल्याला वाटतं, गाडीला हवा पुढून अडवते. ते अर्धंच खरं आहे. गाडी पुढे सरकली की तिच्यामागे पोकळी होते, ती भरायला हवा भोवरे घेत आत घुसते आणि तिथला दाब कमी पडतो. पुढे दाब जास्त, मागे कमी, म्हणजे गाडीला कुणीतरी मागून धरून ओढतंय अशीच अवस्था. पावसाळ्यात महामार्गावर हॅचबॅक चालवणाऱ्यांनी हे भोवरे पाहिलेले असतात. मागची काच चिखलाच्या तुषारांनी दहा मिनिटांत माखते, म्हणून तर तिला मागेही वायपर लागतो. सेडानची तिरपी काच त्या मानाने स्वच्छ राहते.

हे गणित अमेरिकेला ठाऊक नव्हतं असं नाही. क्रायस्लरचे अभियंते कार्ल ब्रीअर यांनी 1930च्या सुमारास विंड टनेलमध्ये, म्हणजे पंख्याने वारा सोडलेल्या बोगद्यात, गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती तपासल्या, तेव्हा एक विलक्षण गोष्ट आढळली: त्या काळच्या चौकोनी गाड्यांना उलटं चालवलं तर हवेचा विरोध कमी होत होता! त्यातून 1934 साली ‘एअरफ्लो’ आली, गोल नाकाची, मागे उतरत जाणारी. लोकांना ती कुरूप वाटली आणि 1937 मध्ये ती बंद झाली. मला वाटतं, हा अमेरिकी मोटारींच्या इतिहासातला सर्वांत दुःखद धडा आहे. त्यानंतरची कितीतरी वर्षं डेट्रॉईटने, म्हणजे अमेरिकी मोटार कंपन्यांच्या शहराने, हवेकडे पाठच फिरवली. (मुंबईत वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात ज्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या, त्याही याच क्रायस्लर घराण्यातल्या.)

1973च्या तेलसंकटाने मात्र हवेकडे बघायला लावलं. 1975च्या कायद्याने नव्या गाड्यांच्या सरासरी मायलेजचं लक्ष्य ठरवलं: 1985 सालापर्यंत गॅलनला 27.5 मैल, म्हणजे लिटरला साधारण 11.7 किलोमीटर. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याला पुरून उरायला लागणारी ताकद आठपट. महामार्गावर इंधन जातं ते मुख्यतः इथे. 1986 मॉडेलची फोर्ड टॉरस गुळगुळीत गोटीसारखी आली. आकाराला हवा किती अडते ते सांगणारा ड्रॅगचा आकडा तिचा होता 0.33च्या आसपास. 2021च्या मर्सिडीज ईक्यूएस या विजेच्या गाडीचा 0.20 आहे. विजेच्या गाडीत हा आकडा आणखी मोलाचा, कारण हवेशी झुंजण्यात गेलेली ऊर्जा बॅटरीच्या पल्ल्यातून थेट वजा होते. म्हणून तिचं पोटही सपाट असतं आणि दाराच्या मुठीही पत्र्यात दडवलेल्या असतात.

दिसण्यातला दुसरा फरक आतून आला. 2009 साली अमेरिकेच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने 1959ची शेवरोले बेल एअर आणि 2009ची शेवरोले मालिबू ताशी 64 किलोमीटरने समोरासमोर आदळवल्या. जुन्या गाडीचा जाड पत्रा बघून ‘हीच भक्कम’ असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात तिची केबिन चेपली आणि स्टिअरिंग ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या बाहुल्याच्या अंगावर आलं. मालिबूचं नाक चुरगळलं, पण केबिन शाबूत राहिली. नाकाने चुरगळत धक्का पचवायचा आणि माणसाभोवतीचा पिंजरा ताठ ठेवायचा, ही कल्पना बेला बारेन्यी या अभियंत्याची. ती घेऊन मर्सिडीज बाजारात आली तीही 1959 सालीच, आणि गंमत म्हणजे तिलाही मागे छोटे पंख होते! आजच्या गाड्यांचे काचेशेजारचे जाडजूड खांब या पिंजऱ्याचेच. त्यांनी नजर थोडी अडते, हे खरं.

आता सगळ्या गाड्या सारख्या दिसतात, ही तक्रार मला पटते. हवा सगळ्या कंपन्यांना एकच उत्तर देते, त्याला इलाज नाही. पण जुन्या गाड्यांचं वेगळेपणही जरा बारकाईने बघावं: 1940 पासून सत्तरीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या नियमाने सगळ्या अमेरिकी गाड्यांचे हेडलाइट ठरावीक मापाचे, गोलच असायचे. डिझायनरांनी जे वैविध्य उभं केलं ते उरलेल्या पत्र्यातून. तेवढ्यासाठी त्यांना मनापासून दाद द्यायला हवी.

शेपटीकडे परत येऊ. हवेसाठी आदर्श आकार म्हणजे मागे लांब निमुळता होत जाणारा थेंब, पण इतकी लांब गाडी लावायची कुठे? वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याने 1930च्या दशकात दाखवलं की शेपूट मध्येच सपकन कापली तरी बराचसा फायदा टिकतो, मात्र काप धारदार हवा. कोपरा गोल असला की हवा त्याला चिकटून वळते आणि मागचे भोवरे मोठे होतात. एखादी नवी सेडान उभी दिसली तर तिच्या मागच्या दिव्याच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवून बघा. बऱ्याच गाड्यांवर तिथे एक बारीक, उभी, टोचणारी धार लागते. हवेने गाडीला नेमकं कुठे सोडायचं ते ती ठरवते. डोळ्यांना सहज दिसतही नाही, पण कॅडिलॅकच्या त्या उंच पंखांना जे कधी साधलं नाही ते काम ही काही मिलिमीटरची कड प्रत्येक किलोमीटरला करत असते.