दंड भरला म्हणजे तडजोड झाली असं नाही: दारू पिऊन गाडी आणि दुकानातली चोरी

"भरून टाक ना दंड, मिटव एकदाचं." हे वाक्य कोर्टाच्या व्हरांड्यात मी इतक्या वेळा ऐकलंय की आता अशील समोर बसला की पहिला प्रश्न हाच विचारते, मिटवायचंय म्हणजे तडजोड करायचीय की गुन्हा कबूल करायचाय? समोरचा माणूस नुसता बघत राहतो, कारण त्याच्या डोक्यात दोन्ही एकच असतं, पैसे द्यायचे, पावती घ्यायची, घरी जायचं. हा गोंधळ मला सगळ्यात जास्त दोन प्रकारच्या केसमध्ये दिसतो, नाकाबंदीत दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेले आणि मॉलमध्ये वस्तू उचलताना पकडले गेलेले. साध्या घरातली माणसं, पोलीस स्टेशन पहिल्यांदाच बघितलेलं, आणि सल्ला देणारा मित्र असा की ज्याने एकदा हेल्मेटचं चलान भरलंय.

चलान तुम्हाला माहितीच आहे. हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, मोबाईलवर मेसेज आला, भरलं, विषय संपला. तो का संपतो एवढंच बघा, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये ठराविक गुन्ह्यांची यादी आहे आणि त्या गुन्ह्यांत ठरलेली रक्कम घेऊन तडजोड करायचा अधिकार अधिकाऱ्यांना दिलेला आहे. तुम्ही भरता ते तडजोडीचे पैसे. कोणत्याही कोर्टाने तुम्हाला दोषी ठरवलेलं नसतं.

आता नीट वाचा. कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, हे त्या यादीत नाहीच. त्यात चलान भरून सुटका नाही, हवालदाराला नाही, मोठ्या साहेबांना नाही, कोणालाच तडजोड करायचा अधिकार नाही. लोकअदालतीतही नाही, कारण ज्या गुन्ह्यात कायद्याने तडजोड होत नाही तो लोकअदालतीच्या अधिकारातच येत नाही. चलानच्या लोकअदालतीचा मेसेज आला की लोक ड्रंक अँड ड्राइव्हची नोटीस घेऊन तिकडे धावतात, दिवस वाया जातो.

मग कोर्टात जे पैसे भरतात ते काय? तिथे असं होतं की पुकारा होतो, तुम्ही पुढे जाता, मॅजिस्ट्रेट आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का. शेजारच्याने शिकवून पाठवलेलं असतं म्हणून तुम्ही "हो साहेब" म्हणता, दोन मिनिटांत दंड ठरतो, खिडकीवर पैसे भरता, पावती हातात. ती पावती चलानच्या पावतीसारखीच दिसते. पण आता तुम्ही दोषी ठरलेले आहात. ही शिक्षा आहे, फक्त ती पैशात झाली. तुम्ही स्वतःच कबूल केल्यामुळे दोषी ठरवण्याविरुद्ध अपीलही होत नाही, फार तर शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का एवढ्यावर भांडता येतं.

माझ्याकडे एक मुलगा आला होता, नोकरीचा फॉर्म भरायचा होता. दंडाची पावती त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न पडू देता दोन वर्षं जपून ठेवलेली, टेबलावर ठेवून म्हणाला, मॅडम, हे बघा, क्लिअर आहे सगळं. फॉर्ममध्ये प्रश्न होता, तुम्हाला कधी न्यायालयाने दोषी ठरवलंय का. तो 'नाही' लिहून आला होता. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी त्याला कोणी नीट सांगितलं नाही याचा मला अजून राग येतो.

दंडही छोटा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी १५,००० रुपये दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 'पुढची वेळ' कशावरून ठरते? त्या पहिल्या कबुलीवरून. शिवाय मोटार वाहन कायद्याचंच कलम २० सांगतं की १८५ मध्ये दोषी ठरवलं तर कोर्टाने किमान ६ महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवायचं. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याच्यासाठी दंडापेक्षा हे कितीतरी भारी.

आता दुकानातली चोरी घ्या, तिथे बरोबर उलटं आहे आणि तिथेही लोक उलटंच करतात. चोरी म्हटलं की घरचे हादरतात, आता काही होऊ शकत नाही म्हणतात. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मधल्या साध्या चोरीत तडजोड होते, मालमत्तेचा मालक ती करू शकतो आणि त्याला कोर्टाची परवानगीही लागत नाही. दोन्ही बाजू तडजोडीची पुरसिस, म्हणजे आमचं मिटलंय असं सांगणारा सहीचा अर्ज, कोर्टात देतात आणि त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा असतो. निर्दोष! दंड भरून हे कधीच मिळत नाही. फक्त मालक म्हणजे कोण ते बघा, मॉलमध्ये मालक कंपनी असते, गार्ड नाही आणि शिफ्टचा मॅनेजरही नाही, त्यामुळे सही करणाऱ्याकडे कंपनीचं अधिकारपत्र हवं, नाहीतर पुरसिस अडकते.

आणि लोक काय करतात, तर दुकानाच्या मागच्या खोलीत वस्तूच्या कितीतरी पट पैसे देतात आणि वर माफीनामा लिहून देतात, "मी चोरी केली, पुन्हा करणार नाही", खाली सही आणि मोबाईल नंबर. याला तडजोड समजू नका. पैसे घेऊनही त्यांनी फिर्याद दिली तर तुमच्या हातात काही नसतं आणि त्यांच्या हातात तुमच्याच अक्षरातली कबुली असते. पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण मॅनेजरला लिहून दिलेली चालू शकते, मग ती दमदाटीने घेतली हे कोर्टाला पटवत बसावं लागतं. बिल करून वस्तूचे पैसे भरा, हवं तर, पण कागदावर सही करू नका, घरच्यांना किंवा वकिलाला फोन करा. गार्डने पकडून ठेवलं तर त्याला उशीर न करता, जास्तीत जास्त ६ तासांत, तुम्हाला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं, रात्रभर बसवून ठेवता येत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. एफआयआरमध्ये ३०३(२) ऐवजी ३०५ लावलेलं असेल, म्हणजे जिथे माल ठेवला जातो अशा इमारतीतली चोरी, तर शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते आणि मॅजिस्ट्रेटसमोर तडजोड होत नाही, मग फिर्यादीच्या संमतीने एफआयआर रद्द करून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. म्हणून एफआयआरची प्रत मिळाली की आधी कलम बघा, बाकी मजकूर नंतर.

समाजसेवेबद्दलही हाच घोळ. १ जुलै २०२४ पासून ही नवीन न्याय संहिता आली, त्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, पहिल्यांदाच दोषी ठरत असाल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची आहे. चांगली तरतूद आहे, पण ती शिक्षाच आहे. समाजसेवा केली म्हणजे सुटलो असं नाही, दोषी ठरून केली. तडजोड शक्य असताना ही कबूल करून घेणं मला अजिबात पटत नाही.

बाकीचे फरक पटकन सांगते. १८५ जामीनपात्र आहे, जामीन तुमचा हक्क. ५,००० च्या वरची चोरी अजामीनपात्र, म्हणजे जामीन मिळत नाही असं नव्हे, कोर्टाकडे मागावा लागतो, आणि बऱ्याच वेळा पोलीस अटक न करता नोटीस देऊन सोडतात, त्या नोटिशीच्या तारखेला न चुकता जा. ५,००० च्या आतल्या, समाजसेवेवाल्या चोरीत मामला जामीनपात्रही आहे आणि अदखलपात्रही, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही.

वकील ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये काय करणार, तडजोड तर होत नाही, हा प्रश्न येतोच. तो कागद तपासतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल आहे हे सरकारला सिद्ध करावं लागतं, श्वास तपासायच्या मशीनच्या स्लिपवर नाव, वेळ आणि आकडा जुळतोय का, अटक झाली असेल तर २ तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली का, हे सगळं बघायचं असतं. त्या मशीनमध्ये फुंकायला नकार देऊन फायदा होत नाही, तो नकार तुमच्याविरुद्धच धरता येतो. कागद पक्के असतील तर मीच सांगते की कबूल करा, पण काय कबूल करताय आणि त्याने लायसन्सचं काय होणार हे कळल्यावर.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० ला फोन करा, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि ज्याला हे काही जमलं नाही आणि थेट पुकाराच झाला, त्याने "हो साहेब" च्या जागी एवढंच म्हणावं, "साहेब, वकील लावायचाय, पुढची तारीख द्या."